तळेकरचा रिकामा सर्व्हर

तळेकरला मी अकरा वर्षं ‘साहेब’ म्हटलं. रोज सकाळी उभं राहून म्हटलं, रजेच्या अर्जावर लिहून दिलं, त्याच्या मुलीच्या लग्नात जिलबीचं ताट हातात घेऊनसुद्धा म्हटलं. आता पुरे झालं. इथं मी त्याला सरळ अरेतुरे करणार आहे. कुणाला खटकलं तर त्यानं पुढं वाचू नये.

बीडहून गेवराईकडं निघालं की हायवेला आमच्या समूहाचं आवार लागतं. डेअरी, पॉलिटेक्निक, दवाखाना, सगळ्यांचा कारभार त्या एका ऑफिसातून चालतो. चारशेच्या आसपास कॉम्प्युटर. तळेकर तिथला संगणक विभागप्रमुख होता. म्हणजे दारावर तशी पाटी होती. त्याला कॉम्प्युटरमधलं नेमकं काय येत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्यांशी कसं बोलायचं ते मात्र येत होतं, आणि आमच्याकडं तेवढं आलं की बाकीचं आपोआप आल्यासारखंच धरतात.

चेअरमनसाहेबांचा फोन आला की हा उठून उभा राहायचा. अहो, मोबाइलवर! समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर, तरी हा उभा. आधी शर्टाचं वरचं बटण लावायचा, मग ‘हां साहेब’ म्हणायचा. एकदा जेवताना फोन आला तर तोंडातला घास एका गालात सारून उभा राहिला आणि तसाच बोलत राहिला. आमचे डबे संपले, हात धुवून झाले, तरी त्याचा घास गालातच. साहेबांशी बोलताना गिळायचं कसं, हा त्याला प्रश्न पडला असणार.

त्याच्या केबिनमध्ये पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. एकीवर पांढराशुभ्र टॉवेल. त्या खुर्चीत अकरा वर्षांत मी कुणाला बसलेलं पाहिलं नाही. टेबलावर पाण्याचे सहा ग्लास, त्यातला एक भारीतल्या काचेचा, कायम पालथा. कपाटात बिस्किटांचा एक उंची डबा. त्याची तारीख उलटली की हा तो फेकून द्यायचा आणि तसलाच नवा आणून ठेवायचा. आम्ही आपले चहात पाव बुडवून खायचो. कुणी विचारलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

‘एक ठेवावं लागतं. कोण कधी येईल, सांगता येतं का?’

कोण येणार होतं? चेअरमनसाहेब तिसऱ्या मजल्यावर बसायचे, लिफ्टनं जायचे, लिफ्टनं यायचे. तळमजल्यावरचा संगणक विभाग कुठल्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊक असेल, असंही मला वाटत नाही. तरी टॉवेल दर सोमवारी धुवून यायचा.

हे खूळ कुठून आलं ते मला एकदा परळीला जाताना कळलं. तिथं डेअरीच्या केंद्रावर काहीतरी बिघाड झाला होता. जीपमध्ये तो, मी आणि ड्रायव्हर. परळी जवळ आली, रस्त्याकडेच्या झाडांवर वीजकेंद्राची राख दिसायला लागली, तशी मी काच वर केली. आणि काय सुचलं कोण जाणे, तळेकर वडलांविषयी बोलायला लागला. त्याचे वडील एका तालुक्याच्या गावी सरकारी विश्रामगृहावर चौकीदार होते. चार खोल्या. त्यातली एक नंबरची कायम कुलपात, धुतलेल्या चादरी घालून तयार.

‘कदम, एकदा ऐन मे महिन्यात दुपारची एक गाडी बंद पडली गेटासमोर. आत एक बाई, दिवस भरलेली. बाकीच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. तिचा नवरा वडलांच्या पाया पडायला लागला, एक नंबर उघडा म्हणून. वडलांनी व्हरांड्यात सतरंजी टाकून दिली, माठातलं पाणी दिलं. पण एक नंबर उघडली नाही. आणि बघा, संध्याकाळी खरंच कलेक्टरसाहेब आले! न सांगता! खोली तयार पाहून त्यांनी वडलांची पाठ थोपटली.’

हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मी विचारलं, ‘आणि त्या बाईचं काय झालं?’

‘कोण बाई?’ तळेकर म्हणाला.

मी काच खाली केली. राख आली तर आली.

आता अस्लमभाई. हा बीडमधल्या मोटार वाइंडिंगवाल्यांच्या घरातला. बाप, चुलते, भाऊ, सगळे पंप आणि पंखे भरणारे. तांब्याच्या तारेतून हा कॉम्प्युटरच्या तारेत आला तो स्वतःच्या डोक्यानं. आमच्याकडं नऊ वर्षं कंत्राटावर होता. दर सहा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, एक दिवसाचा खंड. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव तळेकरच्या टेबलावर होता. तळेकरनं फक्त शिफारस लिहायची होती, दोन ओळी. अस्लमभाई रोज त्या टेबलापुढं उभा राहायचा आणि रोज ती फाइल त्याला दिसायची, पाण्याच्या त्या पालथ्या ग्लासाखाली दाबून ठेवलेली.

सर्व्हर तापला का, हे अस्लमभाई स्क्रीनवर बघायच्या आधी हाताच्या पाठीनं बघायचा, घरात लेकराचं कपाळ बघतात तसा. ‘कदम, दोन नंबरला ताप हाय बे,’ म्हणायचा. आणि खरंच, अर्ध्या तासात दोन नंबरची रड सुरू व्हायची.

हे दोन नंबरचं प्रकरण नीट सांगितलं पाहिजे. ऑफिसातून कुणालाही इंटरनेटवर काही उघडायचं असलं तर ते थेट उघडत नाही. मधे प्रॉक्सी नावाचा सर्व्हर असतो. तुम्ही त्याच्याकडं मागायचं, त्यानं बाहेर जाऊन आणायचं, तपासायचं आणि तुम्हाला द्यायचं. चारशे जणांचं आणणं एकट्याला झेपेना म्हणून आम्ही दुसरा प्रॉक्सी घेतला आणि दोघांच्या पुढं लोड बॅलन्सर बसवला. त्याचं काम एवढंच, की आलेली मागणी बघायची आणि ज्या सर्व्हरपुढं गर्दी कमी, त्याच्याकडं ती पाठवायची. लहान-मोठं, जात-पात त्याला काही ठाऊक नाही. तळेकरला नेमकं तेच पटेना.

बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. त्यानं फळ्यावर दोन चौकोन काढले, बाण काढले, छान समजावलं. तळेकरनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘सगळं बरोबर. पण यात साहेब लोक कुठं टाकायचे?’

‘कुठले साहेब, सर?’

‘आपले. चेअरमनसाहेब, संचालक मंडळ.’

‘त्यांचे कॉम्प्युटर नेटवर्कमध्येच आहेत ना? मग झालं. ज्या सर्व्हरवर जागा असेल, तिकडं जातील.’

‘म्हणजे चेअरमनसाहेब आणि डेअरीचा टँकर मोजणारा कारकून एकाच सर्व्हरमधून जाणार?’

‘सर, डेटा आहे तो. कोण कुणाचा, त्याला काय कळतंय?’

‘त्याला नसेल कळत,’ तळेकर म्हणाला. ‘आपल्याला कळतंय ना?’

इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळेकरनं अस्लमभाईच्या हातात बारा कॉम्प्युटरची यादी ठेवली. हे बारा एक नंबरवर, बाकी सगळे दोन नंबरवर.

‘साहेब, मंग ह्ये बॅलन्सर घेतलंच कावून?’ अस्लमभाईनं विचारलं. ‘बारा जण एकीकडं आन् चारशे एकीकडं, ह्याला काय वाटणी म्हणायची?’

‘एक ठेवावं लागतं अस्लम. तुला नाही कळायचं.’

‘न्हाई कळत साहेब. खरंच न्हाई कळत,’ असं म्हणत त्यानं ते केलं. फाइल ग्लासाखाली होती ना!

तेव्हापासून एक नंबरचा सर्व्हर म्हणजे नुसती चैन. बारातले आठ संचालक महिन्यातून एकदा यायचे, तेही चहापुरते. सर्व्हर आपला गार वाऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेला. दसऱ्याला त्याला झेंडूची मोठी माळ, दोन नंबरला उरलेली फुलं. तळेकर दर शनिवारी स्वतःच्या रुमालानं एक नंबर पुसायचा. आणि महिन्याच्या अहवालात काय लिहायचा ते ऐका. ‘सर्व्हर क्रमांक एक: अत्यंत उत्तम स्थितीत. सर्व्हर क्रमांक दोन: वारंवार तक्रारी, कार्यक्षमता असमाधानकारक.’ हा अहवाल टाइप मीच करायचो. माझी बोटं झडली नाहीत, हेच नशीब.

मग तो जुलैचा दिवस. पॉलिटेक्निकच्या प्रवेशअर्जाची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. कागदपत्रं केंद्रावरूनच चढवायची, असा नियम होता आणि केंद्र आमच्या आवारात होतं. गेवराईच्या गावांतून, पालीकडून, कुठून कुठून मुलं-मुली आणि त्यांचे आईबाप आले होते. प्रयोगशाळेत जागा नाही म्हणून बाहेर चिंचेखाली बसले होते. तीनच्या सुमाराला दोन नंबरनं मान टाकली. एक पान उघडायला दहा मिनिटं, आणि दाखला चढवताना निम्म्यातच बंद.

मी तळेकरकडं गेलो. म्हटलं, साहेब, दोन तासांपुरती यादी काढू, निम्मी गर्दी एक नंबरवर जाऊ द्या. तो म्हणाला, ‘चेअरमनसाहेबांची मुंबईशी मीटिंग चालू आहे, स्क्रीनवर. आज तर अजिबातच नाही.’

‘साहेब, एका मीटिंगनं त्याला घामसुद्धा येत नाही हो.’

‘कदम, मी नाही म्हणालो.’

आणि त्यानं वरचं बटण लावलं. फोन आलाही नव्हता.

सव्वाचारला गेवराईकडचा एक माणूस सर्व्हर रूमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागं त्याची मुलगी, छातीशी प्लास्टिकची पिशवी धरलेली. दारावर ‘प्रवेश नाही’ लिहिलं होतं, म्हणून त्यानं पाय उंबऱ्याच्या बाहेरच ठेवले होते. ‘लेकीचं झालं का बघा ना हो,’ तो म्हणाला. ‘चौऱ्याण्णव टक्के हायेत तिला. सकाळी सातपासून बसलोय.’

मी म्हटलं, ‘बघतो.’ मी असंच म्हणतो नेहमी.

अस्लमभाईनं खुर्ची ओढली, बॅलन्सरचं पान उघडलं आणि बारा जणांची ती यादी काढून टाकली. सेव्ह. सगळ्यांना दोन्ही सर्व्हर मोकळे. मग एक नंबरपाशी गेला, हाताची पाठ त्याच्यावर टेकवून उभा राहिला आणि हसला. ‘ह्याला आज पयल्यांदा ऊब आली बघ बे.’

बाहेर भराभर अर्ज जायला लागले. त्या मुलीचा गेला पाचला दहा मिनिटं असताना. मुदत संपली तेव्हा चिंचेखाली कुणी उरलं नव्हतं. फक्त एक झालं. यादी काढली त्या क्षणी चेअरमनसाहेबांच्या स्क्रीनवरचं चित्र तुटलं. अर्धा मिनिट. मग परत जोडलं गेलं.

त्या अर्ध्या मिनिटाची चौकशी बसली. तिसऱ्या मजल्यावरून कुणी ओरडलंसुद्धा नव्हतं, नुसतं चेअरमनसाहेबांच्या पीएनं जाता जाता विचारलं होतं, ‘मघाशी काय झालेलं हो?’ एखाद्यानं सांगितलं असतं, लाइन गेली होती. तळेकरनं चार पानी टिपण लिहिलं. परवानगीविना बदल, वरिष्ठांच्या आदेशाचा भंग, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या सेवेत व्यत्यय. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप केलेलं होतं. त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला, पेनाचं टोपणसुद्धा स्वतः काढून दिलं.

मी म्हणू शकलो असतो, मला काही दिसलं नाही. म्हणू शकलो असतो, मी आधी तुमच्याकडं आलो होतो, ते यात का नाही लिहिलं? पण मी कायम होतो ना, आणि मला कायमच राहायचं होतं. सही केली. चांगली वळणदार केली.

अस्लमभाईचा कागद त्या महिनाअखेरीला संपत होता. पुढचा निघाला नाही. जायच्या दिवशी तो केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, ‘साहेब, एवढं सांगा, माझं चुकलं काय? कामाचं सांगा. हुकमाचं ऱ्हाऊ द्या.’

तळेकर फाइलवरचा ग्लास उचलून पुसत होता. म्हणाला, ‘अस्लम, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाहीच रे. पण ती खोली उघडायची नसते.’

खोली म्हणाला. सर्व्हर नाही म्हणाला. माझ्या कानानं ऐकलं.

यादी तर त्या जुलैच्या संध्याकाळीच परत चढली होती, ती तळेकर निवृत्त होईपर्यंत राहिली. निरोपसमारंभाला चेअरमनसाहेब आले नाहीत, शाल पीएनं घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते ती यादी उघडायचं. पुसून टाकायच्या आधी म्हटलं, बघू तरी हे बारा कोण. चेअरमनसाहेब, संचालक, पीए, आणि बारावा लॅपटॉप चेअरमनसाहेबांच्या नातवाचा, जो सहावीत होता आणि आमच्या ऑफिसात फक्त एकदा झेंडावंदनाला आला होता. मी ती यादी दोनदा वाचली. तळेकरचा कॉम्प्युटर त्यात नव्हता. हा बाबा स्वतः इतकी वर्षं दोन नंबरवर होता. आमच्यासारखाच गोल गोल फिरणारं चक्र बघत, आमच्यासारखाच ताटकळत. किल्ली याच्याकडं, कुलूप याचं, आणि हा व्हरांड्यात.

तुम्हाला वाटेल, मला त्याची कीव आली असेल. छे. मला त्याचा आणखी संताप आला. निदान स्वतःसाठी तरी चोरी करायची होतीस रे गाढवा! मग तुझं वागणं कळण्यासारखं तरी झालं असतं.

यादी पुसली. आठवडा गेला, महिना गेला. तिसऱ्या मजल्यावर कुणाला पत्तासुद्धा लागला नाही.

गेल्या नोव्हेंबरात मुलीच्या दाखल्यासाठी मी बस स्टँडमागच्या अस्लमभाईच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. इतके दिवस टाळत होतो, पण दुसरीकडं सर्व्हर डाउन होता. चांगलं चालतं त्याचं. दोन टेबलं, दोन मशिनं, दारात नंबराच्या चिठ्ठ्या. ज्या टेबलावरचा माणूस उठला, तिथं पुढचा नंबर. अस्लमभाईनं मला बघितलं.

‘या कदम. चिठ्ठी घ्या.’

माझा नंबर आल्यावर त्यानं फॉर्म पुढं सरकवला. ‘हितं सही करा. तुमची सही मला पाठ हाय.’ एवढंच बोलला. मी खाली मान घालून सही केली. बोलायचं ठरवून गेलो होतो, जमलं नाही.

उठताना भिंतीपाशी तळेकर दिसला. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला काढायला आला होता. वाळला होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. हातात एकवीस नंबरची चिठ्ठी. त्याच्या अगदी शेजारी, पंख्याखाली एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती आणि हा तिला धक्का लागू नये असा अंग चोरून उभा होता.

‘बसा की साहेब,’ अस्लमभाई टेबलावरून म्हणाला. आवाजात ना राग, ना माया.

‘नको, असू दे. कुणी यायचं असेल.’

‘कुणी न्हाई यायचं. बसा.’

तो हसला, पण बसला नाही.

तेवढ्यात पालीच्या गाडीतून उतरलेली एक म्हातारी आत आली. डोक्यावर पदर, पायांत रबरी चप्पल, हातात गाठोडं. तिनं चिठ्ठी घेतली, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली. ‘आई गं’ म्हणून पाय लांब केले आणि पदरानं वारा घ्यायला लागली. तळेकर चटकन दोन पावलं मागं सरला. मग अस्लमभाईच्या टेबलापाशी आला, वाकला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘अस्लम, या कोण?’

अस्लमभाईनं मशिनवरून डोळे काढले नाहीत.

‘कोन न्हाई साहेब,’ तो म्हणाला. ‘सत्तावीस नंबर.’